नावाचा अपराध

एखादे कृत्य घडले म्हणजे ते कोणाच्या खाती मांडावे, हा प्रश्न नित्याच्या व्यवहारात फारसा अवघड वाटत नाही. चोरी केली तो चोर, खून केला तो खुनी. न्यायाधीश पुरावा पाहतो, शिक्षा सांगतो, आणि चोराचा भाऊ दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात येऊन बसला तरी त्यास कोणी अडवीत नाही. अडचण उत्पन्न होते ती कृत्य करणारा जेव्हा म्हणतो की, "हे मी माझ्यासाठी केलेले नाही, माझ्या धर्माच्या, माझ्या जमातीच्या नावाने केले आहे," तेव्हा. त्या क्षणी तो आपले कृत्य लाखो अनोळखी माणसांच्या नावावर चढवितो. त्यांची संमती तो घेत नाही. आणि ज्यांस इजा पोहोचली तेही बहुधा ती संमती होती की नव्हती याची चौकशी करीत बसत नाहीत. अशा माणसाचा शब्द आपण खरा धरावा काय? प्रस्तुत लेखात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रश्न दिसावयास तात्त्विक आहे. परंतु ज्या मुलुखात आम्ही वाढलो तेथे एके काळी त्याच्या उत्तरावर हजारो माणसांचे प्राण अवलंबून होते, आणि ते उत्तर चुकले.

आमचे घराणे परभणी जिल्ह्यातील पालमचे. गोदावरीच्या दक्षिणेस, गंगाखेडहून लोह्याकडे जाताना वाटेवर लागणारे हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. आमच्या लहानपणी ते एक मोठे खेडेच होते. तेथे 'रझाकार' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातला नव्हता, घरातला होता. पोर ऐकेनासे झाले की ते रझाकार. दांडगाई करून बांध कोरणारा शेजारी रझाकार. फार काय, दुधाच्या भांड्यात तोंड घालणारे मांजरही आमच्या आजीच्या लेखी रझाकारच. या शब्दाचा मूळ अर्थ 'स्वयंसेवक' एवढाच आहे, हे आम्हांस कॉलेजात गेल्यावर कळले. आणि इतक्या निरुपद्रवी शब्दास आजीच्या तोंडी एवढा विखार का आला असेल, हे समजावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

तो विखार अकारण नव्हता. १९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला तेव्हा पालम निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सुमारे ८२,००० चौरस मैलांचे हे संस्थान. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती दीड कोटीहून अधिक, आणि तीत मुसलमान सुमारे आठवा हिस्सा. १९२७ साली स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेने पुढे बहादुर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली एक सिद्धांत मांडला. राजसत्ता ही निझामाच्या व्यक्तीत नसून मुसलमान समाजात आहे. निझाम हा त्या सत्तेचे केवळ प्रतीक. म्हणून संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा राजा आहे. 'अनल् मलिक', म्हणजे 'मी राजा आहे', ही ती घोषणा. १९४४ साली बहादुर यार जंग वारले, आणि लवकरच संस्थेची सूत्रे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती गेली. त्याच्या हाताखाली या सिद्धांतास गणवेश मिळाला, बंदूक मिळाली. १९४७ च्या अखेरीपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत रझाकारांनी मराठवाड्यात व तेलंगणात गावे लुटली, जाळली, माणसे मारली, स्त्रियांची अप्रतिष्ठा केली. परभणी-नांदेडकडील अनेक कुटुंबे घरदार टाकून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. आजीच्या शब्दातील विखार तेथून आला होता.

एका प्रांतातील ही सशस्त्र संघटना बघता बघता साऱ्या उपखंडाच्या शांततेचा प्रश्न होऊन बसली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदुस्थान सरकार व निझाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला होता. तो चालू असतानाच सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी विमानाने संस्थानात शस्त्रे आणीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये निझामाने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले. काश्मीरचे युद्ध चालूच होते. देशाच्या पोटात असे दुसरे युद्धक्षेत्र राहू देणे कोणत्याही सरकारास शक्य नव्हते. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस आम्ही मराठवाड्याचे लोक मुक्तिसंग्रामाचा दिवस म्हणून पाळतो, आणि तसा तो पाळावा हेच योग्य आहे. या कारवाईच्या न्याय्यतेविषयी आमच्या मनात संदेह नाही.

परंतु आमचा प्रश्न कारवाईपुरता नाही, त्या सिद्धांताविषयी आहे. 'तू राजा आहेस' हे वाक्य ज्यास सांगितले गेले त्या माणसाकडे क्षणभर पाहावे. पालमसारख्या गावातील मुसलमान म्हणजे कोण? कोणी शिंपी, कोणी टांगेवाला, कोणी पिंजारी, कोणी अल्पभूधारक शेतकरी. निझामाच्या राजवटीत जहागीरदार गब्बर होते. हा मनुष्य आपल्या हिंदू शेजाऱ्याइतकाच दरिद्री होता. त्यास जमीन दिली नाही, शाळा दिली नाही, कर्जातून सोडविले नाही. एक नाव मात्र दिले. ज्या लाचेस पैसा लागत नाही अशी ही लाच होती. आणि तिची किंमत? ती त्याने द्यावयाची होती. जो नावाने राजा झाला त्याच्यावर राजाच्या सर्व अपराधांचा बोजाही नावानेच येणार, ही गोष्ट घोषणा देणाऱ्यांनी त्यास सांगितली नाही. दहशतीच्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक धर्मांध चळवळीचे गुपित आमच्या मते येथे आहे. ती प्रथम आपल्याच माणसाचे स्वतःचे नाव, धंदा, गाव, शेजार ही सर्व पुसून टाकते आणि त्या जागी एकच सामुदायिक नाव लिहिते. शत्रूस मारण्यापूर्वी ती आपल्या माणसास अशा रीतीने नाहीसा करते.

जो असा नाहीसा होण्यास नकार देतो त्याचा तिला सर्वांत अधिक राग येतो. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू पत्र चालविणारे शोएबुल्ला खान हे तरुण संपादक मुसलमानच होते. रझाकारांचा धिक्कार करून संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे, असे ते लिहीत असत. सात प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांनी त्याच अर्थाचे एक निवेदन निझामास केले, तेही त्यांनी छापले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी जात असता त्यांचा खून करण्यात आला आणि त्यांचा लिहिता हात तोडण्यात आला. मारेकऱ्यांस त्यांचे मत खोडता आले असते तर हाताकडे जाण्याचे कारण नव्हते. 'सर्व मुसलमान आमच्यामागे आहेत' हे विधान खोटे ठरविण्यास एक मुसलमान पुरेसा होता. म्हणून तो एक जगू देणे त्यांस परवडण्याजोगे नव्हते.

आता या कथेचा दुसरा भाग सांगणे प्राप्त आहे. आमच्या घरात तो भाग कोणी सांगत नसे. शरणागतीनंतरच्या आठवड्यांत संस्थानातील अनेक गावांतून मुसलमानांवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात हिंडून पाहणी केली. मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी, असा त्यांनी अंदाज दिला. आणि ज्या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ पोहोचली असे म्हटले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड. नांदेड आमच्या पालमहून किती दूर? एका सकाळचा प्रवास. हा अहवाल कित्येक दशके लोकांच्या दृष्टीस पडला नाही. आकड्याविषयी वाद घालणारे आहेत. पण तो निम्म्याने कमी धरला तरी आमच्या प्रश्नात फरक पडत नाही.

कारण सूड घेणाऱ्यांनी मारले ते कोणास? ज्याने सर्वांत अधिक अत्याचार केले त्यास भयही सर्वांत अधिक असते, आणि तो प्रथम पळतो. मागे राहतो तो, ज्यास वाटते की, 'मी कोणाचे काय केले आहे? गाव मला ओळखते.' अशा माणसावर, गाव आपणांस नावाने ओळखते या त्याच्या विश्वासामुळेच, मरण ओढवावे याहून भयंकर विपर्यास आम्हांस ठाऊक नाही. आणि कासीम रझवी? त्याच्यावर रीतसर खटले चालले, त्यास वकील मिळाले, शिक्षा झाली. १९५७ साली तो तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० साली तेथे वारला. ज्याने आग लावली त्यास कायद्याचे सर्व संरक्षण लाभले. ज्याने ती लावली नव्हती त्याचा न्याय विहिरीच्या काठावर अथवा गावाच्या वेशीत एका क्षणात झाला. रझवीस संरक्षण मिळाले यात गैर काही नाही. ते त्या दुसऱ्यास मिळाले नाही, हे गैर आहे.

येथे आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. रझाकार म्हणत होता, 'येथे व्यक्ती नाहीत, दोन नावे आहेत. आणि माझ्या नावाची सर्व माणसे माझ्या कृत्यात भागीदार आहेत.' सूड घेणाऱ्याने हातात शस्त्र घेतले तेव्हा त्याने या वाक्याचे खंडन केले काय? मुळीच नाही. त्याने ते अक्षरशः खरे मानले. बंदुकीने पराभूत झालेला सिद्धांत त्याने आपल्या हाताने पुन्हा उभा केला. फक्त नावे बदलली. शोएबुल्ला खानांनी ज्या विधानास प्राण देऊन खोटे ठरविले, त्या विधानावर अवघ्या महिनाभरात आमच्या लोकांनी शिक्कामोर्तब केले. अनेक वर्षांचा जुलूम सोसलेल्यांचा तो राग होता व तो स्वाभाविक होता, असे कोणी म्हणतील. राग स्वाभाविक होता हे आम्हांस मान्य आहे. पुराचे पाणीही स्वाभाविकच असते. म्हणून कोणी बांध घालावयाचे सोडीत नाही. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी हा लढा निझामी सत्तेशी आहे, मुसलमानांशी नव्हे, ही भूमिका घेतली होती. बांध कोठे घालावा हे ठाऊक नव्हते असे नाही.

काही ठिकाणी तो घातलाही गेला. सुंदरलाल समितीने नमूद करून ठेवले आहे की, अनेक हिंदूंनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांस वाचविले. विशेषतः हिंदू विणकर हे मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले. हा उल्लेख आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. विणकराने विणकरास त्याच्या मागावरून ओळखले होते. ज्याने एखाद्याबरोबर सूत उकलले आहे, धाग्यास धागा जोडला आहे, त्यास 'हा अमुक नावाचा आहे' एवढ्या ज्ञानावर त्या माणसाचा निवाडा करणे कठीण जाते.

ही पाऊणशे वर्षांपूर्वीची कथा झाली, असे म्हणून वाचकांनी ती बाजूस सारू नये. जून २०१४ मध्ये इराकमधील मोसूल घेतल्यानंतर 'इस्लामिक स्टेट' म्हणविणाऱ्या टोळीने खिलाफत जाहीर केली. त्यापूर्वीच मे महिन्यात आमच्या महाराष्ट्रातील कल्याणचे चार तरुण इराककडे निघून गेले होते. आणि २०१६ च्या पावसाळ्यात त्याच टोळीशी संधान बांधल्याच्या आरोपावरून खुद्द परभणीत काही तरुणांस पकडण्यात आले. त्यांपैकी काहींनी पुढे गुन्हा कबूल केला व २०२२ साली विशेष न्यायालयाने त्यांस शिक्षा दिली. मोसूल कोठे आणि परभणी कोठे! पण सिद्धांत ओळखीचा आहे. 'तू परभणीचा कोणी नव्हेस, अमक्या बापाचा मुलगा नव्हेस. तू एका साम्राज्याचा वारस आहेस,' हेच ते वाक्य. आता ते खिशातील फोनवर येते, एवढाच भेद. शिवाय या टोळीने आपला डाव लपवूनही ठेवला नाही. २०१५ च्या आरंभी तिने आपल्या मुखपत्रात लिहिले की, मुसलमान व इतर लोक जेथे एकमेकांसह राहतात ती मधली करडी जागाच नाहीशी झाली पाहिजे. ती कशी व्हावयाची? एकाने हल्ला करावयाचा आणि दुसऱ्यांनी तो सर्व मुसलमानांच्या खाती मांडावयाचा. पहिले काम ती टोळी करणार होती. दुसरे तिने आमच्यावर सोपविले होते. देशाच्या संरक्षणाचा विचार करताना सीमा, सैन्य, गुप्त बातम्या यांचा विचार अवश्य करावा; पण शत्रूच्या डावात आपल्यासाठी कोणते काम नेमून ठेवले आहे, हेही पाहावे. २१ नोव्हेंबर २००३ रोजी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी बाँब फेकण्यात आला. तो फेकणारा कोणीही असो, त्याने तेथील माणसे त्यांच्या कृत्यांवरून निवडली नव्हती; नावावरून निवडली होती.

येथवर आम्ही इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहावयास हवे. नाही तर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार उरत नाही.

२०१६ च्या त्याच पावसाळ्यात पालमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. मुलगा मुसलमान, बुद्धीने तल्लख, स्वभावाने अबोल. त्याच्या वडिलांनी आमच्या शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या कोटापर्यंत सर्व कपडे शिवले. त्यांस आम्ही चाचा म्हणतो. मुलास पुण्यात नोकरी लागली होती, राहावयास खोली हवी होती, आणि घरमालकास कोणा ओळखीच्या प्रतिष्ठित गृहस्थाची चिठ्ठी हवी होती. "सर, दोन ओळी लिहून दिल्यात तर बरं होईल," एवढेच तो म्हणाला. ज्या मुलास आम्ही वर्गात तीन वर्षे पाहिले, ज्याच्या बापाच्या हातची टीप आमच्या अंगावर होती, त्याच्यासाठी दोन ओळी लिहिणे अवघड नव्हते. परंतु त्या दिवशीचे वर्तमानपत्र मेजावर पडले होते. आम्ही म्हणालो, "आज जरा घाईत आहे, दोन दिवसांनी ये." त्याने वर्तमानपत्राकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि "बरं, सर" म्हणून तो गेला.

त्या दोन दिवसांत आम्ही काय करीत होतो? त्याच्याविषयी नवीन काही माहिती मिळवीत नव्हतो. मिळविण्याजोगे काही नव्हतेच. आम्ही केवळ भीत होतो. आम्ही त्यास ओळखत होतो, तरी परक्या माणसांच्या गुन्ह्याने त्याच्या नावावर पडलेली छाया आम्हांस आमच्या ओळखीपेक्षा अधिक खरी वाटली. १९४८ च्या सूड घेणाऱ्यांविषयी वर जे कठोर शब्द लिहिले, त्यांतील तर्क आमच्या मेजापाशी चालला होता. रक्त सांडले नाही, एवढेच. तिसऱ्या दिवशी आम्ही चिठ्ठी लिहिली आणि स्वतः पालमास नेऊन दिली. चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली, बसावयास सांगितले, चहा दिला. मुलगा आदल्या रात्रीच पुण्यास निघून गेला होता.

एक आक्षेप उरतो, व तो बळकट आहे. अपराध जर केवळ करणाऱ्याचाच, तर ज्या समाजाच्या नावाने तो घडला त्या समाजावर काहीच कर्तव्य नाही काय? आमचे उत्तर असे की, अपराध आणि उत्तरदायित्व या दोन वस्तू भिन्न आहेत. अपराध वाटून घेता येत नाही. तो ज्याचा त्याचाच. परंतु माझ्या नावाने कोणी खोटी हुंडी काढली, तर ती माझी नव्हे असे चारचौघांत सांगणे हे माझे काम ठरते. २००८ साली मुंबईवर हल्ला करून मेलेल्या नऊ अतिरेक्यांस आपल्या कबरस्तानात जागा देण्याचे मुंबईच्या मुसलमानांनी नाकारले, तेव्हा त्यांनी हेच सांगितले. मृतास माती देणे हे ज्या धर्मात समाजाचे कर्तव्य मानले आहे, त्या धर्माच्या लोकांनी हे करावे, याचा अर्थ लहान नाही. मात्र असे सांगणे हे सांगणाऱ्याच्या अंतःकरणातून यावयास हवे. शेजाऱ्यास रोज दारात उभा करून, 'तू त्यांतला नाहीस हे सिद्ध कर' म्हणणे, ही त्याच्या उत्तरदायित्वाची आठवण नसून त्याच्यावर लादलेला अपराधच होय.

आणि हे मापटे एकाच घरी वापरून चालणार नाही. १९४८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जे घडले ते आमच्या नावाने घडले. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. अपराध आमचा नव्हे. परंतु उत्तरदायित्व? दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदनाच्या वेळी आम्ही रझाकारांचे अत्याचार सांगतो, हुतात्म्यांची नावे घेतो. ती घेतलीच पाहिजेत. त्यांत शोएबुल्ला खानांचे नाव किती ठिकाणी घेतले जाते? आणि शरणागतीनंतर मारल्या गेलेल्या निरपराध माणसांविषयी दोन वाक्ये कोठे बोलली जातात? आमच्या आजीने आम्हांस इतिहासाचा एक भाग दिला; तिने जे सोसले होते त्यामुळे दुसरा देणे तिच्याने झाले नसेल. आम्ही काही सोसलेले नाही. आम्हांस ती सबब नाही.

तो विद्यार्थी अजून पुण्यास आहे. ईदेला व दिवाळीला पालमास येतो, आणि भेटल्यावर पूर्वीप्रमाणेच वाकून नमस्कार करतो. त्या चिठ्ठीविषयी तो कधी बोलला नाही. ती चाचांनी त्यास पाठविली की पेटीत ठेवून दिली, हे आम्हांस ठाऊक नाही, आणि विचारण्याचे धैर्य होत नाही. तीत आम्ही लिहिले होते, "या मुलास आम्ही चांगले ओळखतो." ते वाक्य खरे होते, परंतु लिहावयास दोन दिवस उशीर झाला होता.